सुट्टीतली शिकार आणि आपली मुले



उन्हाळ्याची सुट्टी लागली की भेस्तान, पांडेसरा, उधना, डिंडोली या भागांतली निम्मी मराठी घरे गावाकडे निघतात. उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर दोन खोल्यांत आणि लूमच्या आवाजात राहिलेल्या मुलांना गावी गेल्यावर शेत, नदी, डोंगर दिसतो. पोरगा आठ-दहा वर्षांचा झाला की बाप, काका किंवा मामा म्हणतो, "चल, तुला रानात नेतो." बहुतेक वेळा ते फिरणेच असते. पण काही घरांत त्या रानात जाण्याला अजून एक अर्थ आहे. कुणाच्या हातात गलोल असते, कुणाकडे एअरगन, कुणाबरोबर दोन कुत्री. तितर, लावरी, होला, ससा, कधी घोरपड. मुलगा मागे मागे चालतो आणि पहिला पक्षी पडला की त्याचा फोटो काढला जातो.

या विषयावर आपल्याकडे उघडपणे कुणी बोलत नाही. बोलले तर दोनच सूर निघतात. एक म्हणतो, "वाडवडिलांपासून चालत आले आहे, त्यात काय एवढे?" दुसरा म्हणतो, "गुन्हा आहे, बंद करा." अलीकडे तिसरा सूरही ऐकू येतो. अमेरिकेतला बाप आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन रानटी टर्कीच्या शिकारीला जातो, असे व्हिडिओ आता घरोघरी मोबाइलवर दिसतात. ते पाहून आपले तरुण विचारतात, "तिथे तर सरकारच मुलांसाठी वेगळे दिवस राखून ठेवते. मग आपल्याकडेच का चालत नाही?"

प्रश्न रास्त आहे. त्याला "कायदा आहे म्हणून" एवढेच उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून तिथे काय चालते आणि इथे काय चालते, हे जरा नीट मांडून पाहू.

टर्कीची शिकार म्हणजे नेमके काय?

टर्की हा कोंबडीच्या कुळातला मोठा पक्षी. रानटी नर सात-आठ किलोंचा सहज भरतो. वसंत ऋतूत नर मादीला साद घालतो. शिकारी पहाटेच्या अंधारात झाडाच्या बुंध्याला टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावतो. त्यासाठी लाकडी डबीसारखी किंवा तोंडात धरायची साधने मिळतात. जरा हललात तर पक्षी पळाला, कारण टर्कीची नजर फार तीक्ष्ण. त्यामुळे बरोबर आणलेल्या मुलाला आधी तासन् तास गप्प बसायला शिकावे लागते.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मोठ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी एक-दोन दिवस फक्त मुलांसाठी ठेवलेले असतात. मुलाबरोबर प्रौढ माणूस असावाच लागतो. वयाचे आणि परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण शिकारीचे सुरक्षा-शिक्षण ही तिथली रुळलेली गोष्ट आहे. त्यात एक धडा असा की टर्कीच्या रानात लाल, पांढरे किंवा निळे कपडे घालू नयेत. नराच्या डोक्या-मानेवर हेच रंग असतात आणि झाडीआडून दुसऱ्या शिकाऱ्याने माणसालाच पक्षी समजून गोळी झाडल्याचे प्रकार झालेले आहेत.

आता या व्हिडिओत जे दिसत नाही ते पाहू. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटी टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली होती. पुढे राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी उरलेले रानटी पक्षी जाळ्यात पकडून रिकाम्या झालेल्या जंगलांत सोडले. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले होते, पण ते जगले नाहीत. १९३७ साली तिथे पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा त्यामुळे राज्यांच्या वन्यजीव कामाला मिळू लागला. १९७३ साली टर्कीसाठी झटणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या सगळ्यातून तिथली टर्की पुन्हा साठ लाखांच्या वर गेली.

आजही तिथे पक्ष्यांचे अंदाज घेतले जातात, हंगाम ठरतो, एका माणसाने किती मारायचे ते ठरते. वसंतातल्या हंगामात बहुतेक ठिकाणी फक्त नर मारता येतो, कारण मादी अंड्यांवर बसलेली असते. अनेक राज्यांत मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच दिवशी द्यावी लागते. अलीकडे आग्नेयेकडच्या काही राज्यांत टर्की कमी होताना दिसली, तेव्हा हंगाम पुढे ढकलला गेला, संख्या कमी केली गेली. शिकाऱ्यांना ते मान्य करावे लागले.

अशी शिकार योग्य की अयोग्य, यावर तिथेही मतभेद आहेत. आपण त्यात पडायचे कारण नाही. आपल्यापुरती गोष्ट एवढीच की तिथला बाप मुलाला घेऊन जातो तेव्हा त्याच्यामागे मोजणी, हंगाम, परवाना, कर आणि शिक्षण अशी मोठी व्यवस्था उभी असते. मुलाला पहिल्या दिवसापासून कळते की आपल्याला हवे तेव्हा, हवे तेवढे मारता येत नाही.

आपल्याकडची सुट्टी आणि तितराची घरटी

आता आपल्या रानात या. तितर जमिनीवर, गवतात किंवा झुडपाखाली अंडी घालते. तिचा विणीचा मुख्य काळ साधारण एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी आणि तितराची वीण एकाच वेळी येते. टर्कीचा नर लांबून ओळखू येतो. तितराचे नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात, नराच्या पायाची आरी जवळून पाहिली तरच फरक कळतो. तेव्हा पडलेली तितर अंड्यांवरून उठलेली होती की नव्हती, हे मारणाऱ्याला माहीत नसते.

किती तितर आहेत, गेल्या वर्षी किती होत्या, किती मारल्या तर चालेल, हे आपल्या शिवारात कुणी मोजत नाही. प्रत्येक गावातून दोन-चार घरे सुट्टीत रानात जातात आणि प्रत्येकाला वाटते, आपण एकच मारला. टर्कीची तुलना इथे संपते. तिथल्या बापाचे पाहून इथल्या बापाने गलोल उचलली, तर त्याने तिथली व्यवस्था सोडली आणि गोळी तेवढी घेतली, असेच म्हणावे लागेल.

कायदा : आजोबांचा आणि आपला

"आमचे आजोबा शिकार करत, त्यांना कुणी गुन्हेगार म्हटले नाही," हे वाक्य आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ते चुकीचे नाही. आजोबांच्या काळी कायदा वेगळा होता.

१ मे १९६० पर्यंत खानदेश, सुरत आणि डांग एकाच मुंबई राज्यात होते. त्या राज्यात १९५१ साली रानटी प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात परवाना घेऊन, ठरलेल्या काळात शिकार करता येत असे. १९७२ साली देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यातही शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली आणि खेळ किंवा हौस म्हणून शिकार करणे पूर्ण बंद झाले. म्हणजे आजोबांनी जे केले ते त्यांच्या काळात चालत होते. आज चाळिशीत असलेल्या बापाच्या शाळकरी वयातच ते बंद झाले आहे.

२०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी सहा परिशिष्टे होती, आता चार आहेत. प्राणी-पक्षी पहिल्या दोन परिशिष्टांत आहेत आणि त्या दोन्हींतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. मोर, घोरपड, काळवीट पहिल्या परिशिष्टात येतात. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे तुरुंगवास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीलाही अशीच कडक शिक्षा आहे. इतर संरक्षित प्राणी-पक्ष्यांच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

काही गोष्टी लोकांना माहीत नसतात, त्या इथे सांगतो.

पहिली, शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, जाळे टाकणे, विष घालणे आणि यातले काही करण्याचा प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याने शिकारच आहे. पक्ष्यांची अंडी काढणे आणि घरटी विस्कटणेही त्यात येते.

दुसरी, कमी ताकदीच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नसेल, तरी तिने पक्षी मारण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी, शिकारीला वापरलेली मोटारसायकल किंवा गाडी जप्त होऊ शकते. शिकारीचे मांस जवळ बाळगणेही गुन्ह्यात येते. आणि शिकारीचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणारा माणूस स्वतःच पुरावा तयार करून देतो. अशा व्हिडिओंवरून कारवाई झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतातच.

चौथी, पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याच्या परवानगीची वेगळी प्रक्रिया आहे. ती नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यासाठी आहे. सुट्टीला आलेल्या पाहुण्याला तिचा आधार घेता येत नाही.

पाचवी गोष्ट आई-बापांनी विशेष लक्षात ठेवावी. सात वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा ठरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बालन्यायाची वेगळी व्यवस्था आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, मुलाला गुन्हा करण्याच्या कामी लावणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. मुलाच्या हातून मारले म्हणजे आपण सुटलो, अशी कुणाची समजूत असेल तर ती साफ चुकीची आहे. जबाबदारी मोठ्या माणसावरच येते आणि ती वाढते.

ज्यांचे पोट शिकारीवर होते

हा विषय मांडताना एक अन्याय आपल्या हातून होऊ नये. शिकार म्हटले की आपण पटकन भिल्ल, पारधी, कोकणा यांच्याकडे बोट दाखवतो.

फासेपारधी समाजाचे नावच फाशावरून पडले आहे. पारधी बाप मुलाला तितराची साद हुबेहूब काढायला शिकवत असे. पाळलेली तितर पिंजऱ्यात ठेवून तिच्या आवाजावर रानातली तितर बोलवायची आणि वाटेत फास मांडायचे, ही त्यांची रीत. अमेरिकेतला बाप मुलाला टर्कीचा आवाज शिकवतो तशीच ही विद्या, फक्त इथे ती पोटासाठी होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची वाट उघडली. तो शिक्का कागदावरून १९५२ साली निघाला, लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. त्यानंतर वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि त्यांची विद्याच बेकायदा झाली. त्या बदल्यात शाळा, जमीन, काम मिळायला हवे होते, ते पुरेसे मिळाले नाही. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी पारधी मुलांसाठी शाळा काढली, तिचे नावच 'प्रश्नचिन्ह' आहे. ते नाव पुष्कळ काही सांगून जाते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ज्याच्या घरात दुसरे काही नाही त्याचा प्रश्न शाळेचा, रेशनचा आणि रोजगाराचा आहे. सुरतेत पगार घेणाऱ्या, मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्यांचा प्रश्न तो नाही. आपल्याला भूक नाही, हौस आहे. हौसेला परंपरेचे नाव देताना जरा थांबले पाहिजे.

आणि परंपराच पाहायची तर ती एकाच बाजूची नाही. डांग आणि नंदुरबारच्या डोंगरांत वाघदेवाची पूजा आजही होते. देवराईत झाड तोडायचे नाही, ही रीतही वाडवडिलांचीच. मुलाला परंपरा दाखवायची असेल तर हीसुद्धा दाखवता येते.

गलोल आणि रानपिंगळा

"गलोलीने काय होणार? एवढीशी पोरे, एवढेसे दगड," असेही म्हटले जाते. याचे उत्तर आपल्या खानदेशातच आहे.

रानपिंगळा हे छोटे घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा एकही पुरावा मिळाला नव्हता आणि अभ्यासकांनी तो संपला असे धरले होते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला, तोही आपल्या शहाद्याजवळ. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा आणि आपल्याला जवळ असलेल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही सापडला. तो पहिल्या परिशिष्टातला, जगात धोक्यात असलेला पक्षी आहे.

इतर घुबडांसारखा तो फक्त रात्रीचा नाही. दिवसा उजेडी, उघड्या फांदीवर स्वस्थ बसून राहतो. गलोल हातात असलेल्या पोरासाठी यापेक्षा सोपे निशाण नाही. जंगलतोड हा त्याचा मोठा शत्रू, त्याच्या जोडीला गलोल आणि घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धा. पोराला ठाऊकही नसते की समोर बसलेला पक्षी जगात फक्त मध्य भारताच्या काही जंगलांतच उरला आहे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत डांगमध्ये आणि नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागात वनखात्याने गावोगावी जाऊन मुलांकडून गलोली गोळा करण्याच्या मोहिमा घेतल्या. मुलांना धाकदपटशा न करता समजावले गेले आणि त्यांनी गलोली आणून दिल्या. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये अशीच मोहीम एअरगनसाठी सुरू झाली आणि लोकांनी आपणहून दोन हजारांवर एअरगन जमा केल्या. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड संख्येने शिकार होत असल्याचे उघड झाले. गावच्या परिषदा, चर्च आणि कार्यकर्ते एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. जिथे तो पक्षी हजारोंनी जाळ्यात मरत होता, तिथे आता लोक तो पाहायला जातात. कायदा तिथे आधीही होताच. फरक पडला तो गावाने ठरवल्यावर.

ज्या डांगच्या आदिवासी मुलाने आपली गलोल परत केली, त्याच्याच रानात सुरतेहून गाडीने जाऊन आपल्या मुलाने एअरगन चालवावी, हे कुठल्या तोंडाने समजावून सांगणार?

मामाने दिलेले उत्तर

भारतातले सर्वांत मोठे पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. त्यांचा जन्म १८९६ चा. आई-वडील लवकर गेले आणि ते मुंबईत मामांच्या घरी वाढले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. लहानग्या सालिमकडे खेळातली एअरगन होती. तिने त्याने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलाने मामाला विचारले, ही कोणती चिमणी?

मामाला उत्तर येत नव्हते. त्यांनी "खा आणि गप्प बस" म्हटले नाही. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय सोसायटीतला पक्ष्यांचा संग्रह मुलाला दाखवला. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. म्हातारपणी त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी आली.

काही जण ही गोष्ट उलटी सांगतात, की पाहा, बंदूक हातात होती म्हणून सालिम अली झाले. बंदुका त्या काळी हजारो मुलांच्या हातात होत्या. सालिम अली एकच झाले, कारण मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने मान दिला.

आपले मारुती चितमपल्ली घ्या. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात नोकरी करता करता रानात राहणाऱ्या लोकांकडून झाडांची, पक्ष्यांची नावे, सवयी शिकत गेला आणि ते सगळे मराठीत आणले. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. दिवाळीची सुट्टीही त्याच सुमारास येते.

मुलाला रानात न्यायलाच हवे

शिकार नको म्हणून मुलाला घरात बसवणे, हा याहून वाईट उपाय आहे, हे स्पष्टपणे लिहितो.

भेस्तानच्या सोसायटीत वाढणाऱ्या मुलाला कावळा, कबुतर, साळुंकी आणि उत्तरायणात मांज्यात अडकलेला पक्षी एवढेच पक्षी ठाऊक असतात. बाप बारा-बारा तासांच्या पाळीत. वर्षातून पंधरा दिवस गावी बाप मोकळा असतो, आणि त्या पंधरा दिवसांत तो मुलाला रानात नेतो तेव्हा त्याला आपल्याजवळचे सर्वांत चांगले काहीतरी द्यायचे असते. आपल्या बापाने आपल्याला माग काढायला शिकवले, वाऱ्याच्या उलट्या दिशेने कसे जायचे ते दाखवले, झुडपाखाली तासभर गप्प बसवले. हे त्याला मुलाला द्यायचे आहे. त्याला शिकारीशिवाय ते द्यायची दुसरी रीत कुणी दाखवलेली नाही, एवढाच त्याचा दोष. "गुन्हा आहे, बंद करा" म्हणणारे इथे चुकतात. त्यांनी गलोल काढून घेतली तर मुलाच्या हातात फक्त मोबाइल उरतो.

शिकारीत मुलगा जे शिकतो त्यातले बहुतेक सगळे गोळी सुटण्याआधीच शिकून होते. पहाटे उठणे, गप्प बसणे, आवाजावरून पक्षी ओळखणे, पावलांचे ठसे वाचणे, तहान-ऊन सोसणे, बापाबरोबर न बोलता एक सकाळ काढणे. शेवटचा दगड तेवढा वगळला तर बाकीचे सगळे जसेच्या तसे राहते, आणि कायदाही आड येत नाही.

त्यासाठी काही साध्या सूचना.

गावी गेल्यावर मुलाला भल्या पहाटे शिवारात न्या आणि तितर कुठून ओरडते ते शोधायला सांगा. दिसली पाहिजे, उडता कामा नये, असा खेळ लावा. हे मारण्यापेक्षा कठीण आहे आणि मुलांना ते फार आवडते. घरटे दिसले तर लांबूनच पाहून निघून यायचे, हा नियम पक्का ठेवा.

आजोबांना बरोबर घ्या. पक्ष्यांची अहिराणी नावे, कोणता पक्षी ओरडला की पाऊस येतो असे मानत, कोणत्या ओढ्यावर पूर्वी काय दिसायचे, हे मुलाकडून वहीत लिहून घ्या. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टीही ऐकू द्या, लपवू नका. त्या काळी परवाना होता, आता का नाही, हे त्याच वेळी सांगता येते.

आवाजावरून पक्षी ओळखणारे 'मर्लिन' हे मोफत ॲप मोबाइलवर घेता येते. पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद 'ईबर्ड'वर केली की ती अभ्यासकांना उपयोगी पडते. आपल्याकडे कुणी मोजत नाही, असे वर म्हटले आहे. मग आपली मुले मोजतील.

ठिकाणेही पुष्कळ आहेत. खानदेशात तोरणमाळ, यावलचे अभयारण्य, अनेर धरण, हतनूरचे पाणी. नाशिककडे गेलात तर नांदूर मधमेश्वर, जे रामसर स्थळ आहे. सुरतेतून एका दिवसात होणारे गवियर तळे. मुक्कामाला जायचे तर डांगमध्ये पूर्णा अभयारण्यातला महाल कॅम्प किंवा वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान आणि वघईचे वनस्पती उद्यान. निघण्यापूर्वी परवानगी आणि वेळा विचारून घ्याव्यात.

जखमी पक्षी दिसला तर गुजरातमध्ये १९६२ आणि महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हे क्रमांक मुलांना पाठ करायला लावा. उत्तरायणात आपली मुले जखमी पक्षी उचलून नेतातच. तोच हात मे महिन्यात गलोल का धरतो, हे त्यांचे त्यांनाच विचारू द्या.

मंडळाने काय करावे

नागालँडच्या गावांनी केले ते आपल्या मंडळालाही लहान प्रमाणात करता येईल. कुणाचे नाव घेऊन ठपका ठेवायचा नाही. येत्या वार्षिक सभेत तीन गोष्टी ठरवाव्यात असे सुचवतो. पहिली, मंडळाच्या किंवा सभासदांच्या समूहांवर शिकारीचे फोटो-व्हिडिओ टाकायचे नाहीत आणि आले तर कौतुक करायचे नाही. दुसरी, सुट्टीला गावी जाण्याआधी मुलांना एक साधी वही द्यायची, परत आल्यावर सर्वांत चांगल्या नोंदींना गणेशोत्सवात बक्षीस. नोंदीत बापाचे किंवा आजोबांचे नाव बरोबर लिहिलेले असावे, एकट्याची नोंद धरायची नाही. तिसरी, पक्षी सप्ताहात गवियर किंवा महालला बाप-लेकांची आणि माय-लेकींची एक सहल. मुलींना रानात नेणारे बाप आपल्याकडे अजून कमी आहेत, ती उणीवही यातून भरून निघेल.

ज्यांच्या घरी एअरगन आहे त्यांनी ती विकावी की कुलपात ठेवावी, हे त्यांनी ठरवावे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी मात्र सुट्टीची तिकिटे काढण्याआधी हा विचार जरूर करावा, की या वर्षी रानात पोरगा आपल्याला काहीतरी विचारेल, तेव्हा आपण त्याला काय उत्तर देणार. उत्तर आले नाही तरी चालेल. तय्यबजींनाही आले नव्हते.